हातमोज्यांची कुळकथा

जळगांवच्या शेजारीं असोदा नांवाचें गांव आहे. बहिणाबाई चौधरी यांचें जन्मगांव म्हणून सारा महाराष्ट्र त्यास ओळखतो. १८८० सालीं त्या येथें जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईंचें काव्य जात्यावर आणि शेतांत, हात कामांत गुंतलेले असतांना जन्मास आलें, हें सर्वश्रुत आहे. या मुलुखांत, तापीच्या खोऱ्यांत, केळीचे मळे दूरवर पसरलेले आहेत. घड उतरविणाऱ्या मजुराचे हात पाहावेत, त्याचा सदरा पाहावा. केळीच्या चिकाचे काळे डाग कितीहि साबण लावला तरी जात नाहींत. अशा माणसास चिकाचें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर काय होतें, शेराची फांदी मोडतांना तोंड कां फिरवावें, बिब्बा कोणाच्या अंगावर उततो आणि कोणाच्या नाहीं, हें तो लहानपणींच शिकलेला असतो.

आज मला ज्या चिकाविषयीं बोलावयाचें आहे, तो मात्र या शेतांतला नव्हे. तो एका परदेशी झाडाचा, आणि त्याची गांठ पडते इस्पितळांत. शस्त्रवैद्य, परिचारिका, प्रयोगशाळेंतील सहायक, प्रसूतिगृहांतील दाई आणि सफाई-कामगार यांच्या हातांवर दिवसांतून अनेक वेळां चढणारा व उतरणारा रबरी हातमोजा त्या चिकाचा केलेला असतो. हा मोजा हातांच्या रक्षणासाठीं जन्मास आला, आणि पुढें त्यानेंच कित्येक हातांस इजा केली. ती इजा कशी झाली, ती ओळखण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, आणि तिच्यावर उपाय केव्हां सांपडला, याची हकीगत मी आपणांपुढें मांडणार आहें.

हातमोज्यापूर्वींचा काळ प्रथम पाहूं. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरास असें आढळलें कीं, शवविच्छेदन करून सरळ बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या विभागांत सूतिकाज्वरानें अधिक स्त्रिया दगावतात. त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुण्याचा नियम घालून दिला आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. वीस वर्षांनीं, १८६७ मध्यें, जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिडाचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हांपासून हत्यारें, पट्ट्या आणि हात हीं सर्वच जंतुनाशक द्रावणांत बुडूं लागलीं. शस्त्रक्रियेच्या इतिहासांतील ही मोठीच क्रांति होय. तथापि तिचें मोल कोणाच्या तरी कातडीनें चुकतें केलें, हें क्वचितच सांगितलें जातें. जंतूंस मारणारें औषध माणसाच्या त्वचेलाहि सोडीत नसे. हात लाल होत, सोलत, त्यांस भेगा पडत. आणि दुसऱ्या दिवशीं तेच हात पुन्हां त्याच द्रावणांत बुडवावे लागत. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या, तेव्हां शस्त्रक्रियेची स्थिति ही अशी होती. हातमोजे घालून शस्त्र चालविण्याची चाल अद्याप पडावयाची होती.

ती पडली फिलाडेल्फियाहून फार दूर नसलेल्या बाल्टिमोर शहरांत. तेथें १८८९ सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. विल्यम हॉल्स्टेड हे त्याचे नामांकित शस्त्रवैद्य, आणि कॅरोलाइन हॅम्प्टन या त्यांच्या शस्त्रक्रियागृहांतील मुख्य परिचारिका. तेथें हात धुण्यासाठीं मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल क्षार, हजार भाग पाण्यांत एक भाग या प्रमाणांत वापरीत. १८८९-९० च्या हिवाळ्यांत या बाईंच्या हातांस त्या द्रावणाचा विलक्षण त्रास होऊं लागला. त्वचा सुजून काम करणें अशक्य झालें. त्यांनीं ही तक्रार हॉल्स्टेड यांच्या कानीं घातली. कुशल परिचारिका काम सोडून जाणार, या चिंतेनें त्यांनीं न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीस विचारलें, कीं पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे करून देतां येतील काय? प्रथम दोन जोड्या आल्या. त्या पसंत पडल्या, म्हणून आणखी मागविल्या. १८९० च्या जूनमध्यें हॉल्स्टेड आणि कॅरोलाइन हॅम्प्टन यांचा विवाह झाला, आणि त्यामुळें ही कथा पुढें प्रेमकथेच्या रूपानें प्रसिद्धीस आली.

प्रेमकथा गोड आहे; परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तींतला दुसराच भाग महत्त्वाचा. जगांतील हें प्रसिद्ध शस्त्रवैद्यकीय साधन रोग्यास जंतूंपासून वांचविण्यासाठीं निर्माण झालें नव्हतें. एका काम करणाऱ्या स्त्रीच्या हातांस होणारी इजा कोणीतरी ऐकून घेतली, खरी मानली, आणि तिच्यावर उपाय शोधला, म्हणून तें निर्माण झालें. रोग्याचा लाभ मागाहून ध्यानांत आला. हत्यारें देणाऱ्या साहाय्यकांनीं मोजे घातले, हळूहळू शस्त्रवैद्यहि ते घालूं लागले. हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनीं १८९९ मध्यें अंतर्गळाच्या साडेचारशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत मोजे वापरूं लागल्यापासून जखमा चिघळण्याचें प्रमाण फारच घटल्याचें दिसून आलें. स्वतः हॉल्स्टेड यांनीं १९१३ सालीं या प्रकरणाची हकीगत लिहितांना आश्चर्य व्यक्त केलें, कीं मोजे डोळ्यांसमोर असतांना ते सदैव घालण्याची आवश्यकता आम्हांस इतकीं वर्षें दिसली कशी नाहीं!

एकदां रोग्याचा लाभ सिद्ध झाल्यावर मोजा शस्त्रक्रियागृहाचा अविभाज्य भाग झाला. मात्र ज्या हातांसाठीं तो जन्मला होता, त्या हातांकडे लक्ष कमी झालें. मोज्याच्या आंत त्वचेचें काय होत आहे, हा प्रश्न मागें पडला.

तो समजून घेण्यासाठीं रबराकडे वळलें पाहिजे. रबराचें झाड मूळचें ॲमेझॉनच्या अरण्यांतलें. १८७६ सालीं हेन्री विकहॅम या इंग्रजानें त्याच्या सुमारें सत्तर हजार बिया लंडनजवळील क्यू येथील उद्यानांत पोंचविल्या. त्यांतून उगवलेलीं बहुतेक रोपें सिलोनला गेलीं आणि पुढें साऱ्या आग्नेय आशियांत रबराचे मळे उभे राहिले. आपल्याकडे १९०२ मध्यें त्रावणकोरांत, पेरियार नदीच्या कांठीं थट्टेकाड येथें, व्यापारी लागवडीस आरंभ झाला. झाडाची साल तिरपी कापली कीं दुधासारखा चीक ठिबकतो. हा चीक म्हणजे झाडाचें चिलखत होय. सालीची जखम बुजावी, बुरशी व किडे आंत शिरूं नयेत, यासाठीं निसर्गानें तो दिला आहे. त्यांत रबराचे कण असतात, तशींच झाडाच्या संरक्षणाचीं प्रथिनेंहि असतात. या प्रथिनांचा संबंध पुढें येणार आहे.

कच्चें रबर उष्णतेनें चिकट आणि थंडीनें ठिसूळ होतें. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांनीं गंधक घालून तापविल्यानें तें टिकाऊ व लवचिक होतें, हें शोधून काढलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही क्रिया त्वरित व्हावी म्हणून रबरांत आणखी कांहीं रसायनें मिसळूं लागले; थाययुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल अशीं त्यांचीं जड नांवें आहेत. मोजा तयार झाल्यावरहि त्यांचा अल्पसा अंश त्यांत राहतो. घामानें भिजलेल्या, तासन् तास झाकलेल्या त्वचेंत तो उतरतो. १९३३ च्या सुमारास रबरी मोज्यांमुळें होणाऱ्या त्वचादाहाचीं वर्णनें वैद्यकीय नियतकालिकांतून येऊं लागलीं.

हा दाह कसा होतो, हें खानदेशांतील माणसास बिब्ब्याच्या दृष्टान्तानें सहज उमजेल. बिब्बा प्रथम लागला तर बहुधा कांहीं होत नाहीं. परंतु एखाद्याचें शरीर त्याची ओळख धरून ठेवतें, आणि पुढें नुसता स्पर्श झाला तरी एक-दोन दिवसांनीं तेथें फोड उठतात व कंड सुटते. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांस हाच अनुभव आला. धोबी कपड्यांवर बिब्ब्यानें खुणा करीत. त्या खुणा जेथें अंगास लागत, नेमके तेथेंच चट्टे उठत. १९४३ मध्यें अमेरिकन डॉक्टरांनीं या विकाराचें वर्णन धोब्याच्या खुणेचेंच नांव देऊन प्रसिद्ध केलें. मोज्यांतील रसायनांमुळें होणारें इसब याच जातीचें. तें उशिरां उठतें. म्हणूनच सोमवारच्या मोज्याचा दोष बुधवारच्या साबणावर जातो. जर्मनीचे योझेफ यादासोन यांनीं १८९५ मध्यें दाखविलेली पट्टीची परीक्षा, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन-तीन दिवसांनीं त्वचा तपासणें, ही आजहि या विकाराची खरी कसोटी आहे.

आतां पुडीचा प्रकार ऐका. पातळ रबर हातावर सहज चढत नाहीं, म्हणून मोज्यांत पूड घालण्याची रीत पडली. पूर्वीं शंखजिऱ्याची पूड वापरीत. ती रोग्याच्या पोटांत राहून गांठी उत्पन्न करते असें दिसल्यावर १९४७ पासून मक्याच्या पिठाची पूड तिच्या जागीं आली. ती निरुपद्रवी समजली गेली. ती तशी नव्हती, हें कळण्यास बरींच वर्षें लोटावीं लागलीं.

१९७९ सालीं इंग्लंडांत नटर या डॉक्टरानें एका गृहिणीचें उदाहरण प्रसिद्ध केलें. घरकामाचे रबरी मोजे घातले कीं लगेच तिच्या हातांवर गांधी उठत. येथें एक-दोन दिवसांचा विलंब नव्हता, आणि दोषी रसायनेंहि नव्हतीं. दोषी होतीं तीं चिकांतील प्रथिनें. हा दुसरा विकार पहिल्याहून भयंकर. कारण त्यांत गांधीवरच भागत नाहीं, शिंका येतात, दमा उसळतो, आणि क्वचित् रक्तदाब एकाएकीं कोसळून प्राणावरहि बेततें. फिनलंडांतील टाम्पेरे येथें १९८७ मध्यें क्रिस्टीना तुर्यानमा यांनीं रुग्णालयांतील माणसें तपासलीं, तेव्हां शस्त्रक्रियागृहांतील डॉक्टरांपैकीं ७.४ टक्के आणि परिचारिकांपैकीं ५.६ टक्के यांना ही तत्काळ उठणारी ॲलर्जी असल्याचें आढळलें. एकट्या-दुकट्याची नाजूक त्वचा म्हणून हंसण्यावारी नेण्याची सोय आतां उरली नाहीं.

नेमक्या याच सुमारास हातमोज्यांची मागणी प्रचंड वाढली. एड्सचा रोग १९८१ मध्यें प्रथम वर्णिला गेला. १९८६ मध्यें मद्रास येथें डॉक्टर सुनीति सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणींतून त्याचा विषाणु हिंदुस्थानांतहि आढळला. १९८७ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें असा दंडक घातला, कीं प्रत्येक रोग्याचें रक्त संसर्गयुक्त आहे असें समजूनच काम करावें. हा दंडक योग्यच होता. त्यानें असंख्य कर्मचाऱ्यांचे प्राण वांचले. परंतु एकदांच वापरून फेकण्याचे मोजे कोट्यवधि संख्येनें लागूं लागले, आणि त्यांतील पुष्कळांत प्रथिनांचा अंश फार राहिलेला असे. त्यांत पुडीची भर. पिठाच्या कणांना हीं प्रथिनें चिकटतात. मोजा फटकन् ओढून काढला कीं ते कण हवेंत उडतात. परिणामीं, ज्या परिचारिकेनें मोजा हातांत घेतलाहि नाहीं, तिलाहि त्या खोलींत नुसतें शिरल्यानें दम लागूं लागला. १९४७ ची निरुपद्रवी पूड ही अशी प्रथिनांचें वाहन ठरली.

उपाय सांपडला, आणि तो साधा होता. जर्मनींत १९९७-९८ च्या सुमारास नियमानें पूडरहित व अल्प-प्रथिनी मोजेच वापरण्याचें ठरलें, आणि कर्मचाऱ्यांकडून येणाऱ्या रोगाच्या तक्रारी पुढील थोड्याच वर्षांत ठळकपणें उतरल्या. अमेरिकेंत पूड लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर १८ जानेवारी २०१७ पासून बंदी आली. दरम्यान नायट्राइल नांवाच्या कृत्रिम रबराचे मोजे प्रचारांत आले. त्यांत झाडाचीं प्रथिनें नसल्यामुळें दुसऱ्या विकाराची भीति टळते. मात्र रसायनें पुष्कळदां त्यांतहि असतात, म्हणून पहिला विकार नायट्राइलनेंहि होऊं शकतो. लेबलावर नैसर्गिक रबर नाहीं एवढें वाचून निश्चिंत होणें बरें नव्हे.

आतां पुन्हां खानदेशाकडे वळूं. कारण या विषयाचा या भूमीशीं एक अनपेक्षित संबंध आहे. १९९४ मध्यें स्पेनमधील संशोधकांनीं असें दाखविलें, कीं रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्या पुष्कळांना कांहीं फळांचीहि ॲलर्जी असते. त्या फळांत केळें अग्रभागीं आहे. ॲव्होकॅडो, चेस्टनट आणि किवी हीं त्याचे सोबती. रबराच्या चिकांतलें एक संरक्षक प्रथिन आणि केळ्यांतलें एक संरक्षक प्रथिन यांची घडण इतकी जुळते कीं, शरीर एकास दुसरें समजून चवताळतें. रबराच्या झाडाचें आणि केळीचें कुळ भिन्न. तरी बुरशीशीं लढण्याचें हत्यार दोघींचें एकाच घाटाचें! २०१६ मध्यें जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. जेथें केळें हें रोजचें अन्न आहे, तेथें ही गोष्ट डॉक्टरांनीं आणि घरच्या माणसांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यावरून कोणी केळीं खाणें सोडूं नये. बहुसंख्य लोकांस त्यापासून कांहींहि अपाय नाहीं. परंतु केळें खाल्ल्यावर ज्याच्या ओठांस व घशास खाज सुटते, किंवा फुगा फुगवितांना ज्याचे ओठ सुजतात, त्यानें शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा दांत काढण्यापूर्वीं ती गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी. परिचारिकेच्या व्यवसायांत शिरणाऱ्या मुलीनें तर ती आरंभींच सांगावी.

येथपर्यंत दोन विकारांची कथा झाली. तिसरा सर्वांत सामान्य, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. त्यांत ॲलर्जी मुळींच नसते. वारंवार साबणानें हात धुणें, ओल्या हातांवर मोजा चढविणें, आंत घाम सांचणें, पुडीचें घर्षण, यांमुळें त्वचेवरचें नैसर्गिक तैल निघून जातें. ती कोरडी पडते, सोलते, तिला भेगा पडतात. कॅरोलाइन हॅम्प्टन यांचें दुखणें बहुधा याच जातीचें असावें. २०२० च्या कोरोनाच्या सांथींत या विकारानें किती उग्र रूप धरलें, तें चीनच्या हूपे प्रांतांतील एका पाहणीवरून दिसतें. तींतील ५४२ आरोग्यसेवकांपैकीं ५२६ जणांच्या त्वचेस संरक्षक साधनांमुळें कांहीं ना कांहीं इजा झाली होती. भेग पडलेली त्वचा हें जंतूंचें उघडें दार होय. त्यामुळें सेवकाचे हात बिघडले तर धोका सेवकास असतो, तसाच रोग्यासहि असतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहींत. मोजा घालण्यापूर्वीं हात पूर्ण कोरडे करावेत. हातांस दृश्य मळ नसेल तर पुन्हां पुन्हां साबण लावण्याऐवजीं मद्यार्काचें हातद्रावण वापरावें. जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेल्या द्रावणांत त्वचेच्या रक्षणासाठीं १.४५ टक्के ग्लिसरीन असतें आणि तें साबणाहून सौम्य ठरतें. काम संपल्यावर हातांस मलम चोळावें. मात्र व्हॅसलीनसारखे खनिज तेलाचे पदार्थ लावून लगेच रबरी मोजा घालूं नये, कारण त्यांनीं रबर कमकुवत होतें. आणि खाज केव्हां उठते तें टिपून ठेवावें. कांहीं मिनिटांत उठते, कीं एक-दोन दिवसांनीं? एवढ्या एका टिपणावरून त्वचारोगतज्ज्ञास अर्धें निदान करतां येतें. त्रास होतो म्हणून मोजाच टाकून देणें हा मात्र उपाय नव्हे, मोजा बदलावा.

श्रोते हो, या सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या इतिहासांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां घडलेली दिसते. १८९० मध्यें एका परिचारिकेच्या हातांची तक्रार ऐकली गेली आणि मोजा जन्मास आला. १९७९ मध्यें एका गृहिणीची ऐकली गेली आणि दुसऱ्या विकाराचा माग लागला. फिनलंडांत ती मोजली गेली, जर्मनींत तिच्यावरून नियम झाला. जेथें जेथें ती ऐकली गेली नाहीं, तेथें तेथें मधलीं वर्षें फुकट गेलीं. मोठ्या शस्त्रवैद्याची तक्रार ऐकण्यास माणसें असतात. खेड्यांतल्या आरोग्य-उपकेंद्रांतील परिचारिका, प्रसूतिगृहांतील दाई, आणि रक्तानें माखलेल्या चादरी धुणारा कामगार यांची तक्रार हात धुतां धुतांच विरून जाते. यांपैकीं बहुतेकांस काम सोडणें परवडत नाहीं, आणि दुखणें दाखविलें तर काम जाईल ही भीतिहि असते.

जळगांवीं २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. असोद्यासारख्या गांवांतल्या मुली परिचारिका होऊन अशाच इस्पितळांतून काम करतात. त्यांच्या हातांची तपासणी वर्षांतून एकदां व्हावी, मोजे खरेदी करतांना किंमतीबरोबर पूड आणि प्रथिनें यांचीहि चौकशी व्हावी, आणि कोणी हात पुढें करून भेगा दाखविल्या तर तो कामचुकारपणा समजला जाऊं नये, एवढी व्यवस्था कोणत्याहि रुग्णालयास करतां येण्यासारखी आहे. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं अशी सून वा लेक असेल, तर ती रात्रीं कामावरून परतल्यावर तिचे हात एकदां पाहावेत आणि त्यांविषयीं तिला विचारावें.